कडीला बांधलेली चिंधी

८ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी साडेनऊला प्रयोगशाळेत पोचलो. अकरा नमुने तपासले, सगळे रॉकेलचे. चार नापास. दुपारी कँटीनमध्ये दोन केळी खाल्ली. घरी येताना सायकलची चेन दोनदा पडली. आल्यावर दोन शर्ट धुतले.

डॉक्टर म्हणाले, बोलत नसाल तर लिहा तरी. मी म्हणालो, लिहिण्यासारखं काय आहे. ते म्हणाले, दिवसभरात काय केलं तेवढं लिहा, बाकीचं आपोआप येईल. ही वही माझ्या बायकोची आहे. पहिल्या सात पानांवर तिने स्वेटरचे टाके लिहिले आहेत. कोणाच्या मापाचा ते लिहिलेलं नाही. पुढची पानं कोरी होती.

बाकीचं काही आलं नाही. ती गेल्याचा आज एकोणिसावा दिवस.

चेन बसवून झाल्यावर हात पुसायला सीटखाली एक लाल चिंधी अडकवलेली असते. ती आता इतकी काळी झाली आहे की हात पुसले की आणखी काळे होतात. तिने पाहिली असती तर केव्हाच फेकली असती.

९ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांनी आत बोलावलं. सरकारने समिती नेमली आहे. महिन्याभरात रॉकेलच्या भडक्याने चार घरांत माणसं भाजली, त्यातलं एक घर माझं. समितीत तिघे आहेत. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश बाई, पोलिसांकडून फौजदार, आणि इंधन तपासणी प्रयोगशाळेचा एक माणूस. साहेब म्हणाले, मी दुसऱ्या कोणाला पाठवतो, तू महिनाभर रजा घे. मी म्हणालो, मीच जातो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेनचं टोपण तीनदा लावलं, काढलं.

रजा घेऊन मी काय करणार? घरात एका जागी बसवत नाही.

माझं मत तयार आहे. खाडीच्या कडेला भट्ट्या आहेत. पाइपलाइनला भोक पाडून कच्चं तेल चोरतात, पिंपात भरून खालून जाळ लावतात, वाफ पाण्यातल्या नळीतून नेऊन थंड करतात. आधी निघतं ते पेट्रोलसारखं पातळ, त्यानंतर रॉकेल, मग डिझेल. ते आधीचं वेगळं काढलं नाही आणि रॉकेलमध्ये गेलं, तर स्टोव्हला काडी लावणाऱ्या माणसाच्या तोंडावर भडका येतो. डिसेंबरमध्ये मी तीन ओळींची टिपणी वर पाठवली होती. भट्ट्या दिसतील तिथे ताबडतोब जाळून नष्ट कराव्यात. त्या टिपणीवर १९ जानेवारीला धाड पडली. सहा भट्ट्या जाळल्या. खाडीवर साठ तरी आहेत म्हणतात. साठच्या साठ त्याच दिवशी जाळल्या असत्या तर २१ तारीख आली नसती.

हेच लिहून देणार आहे.

११ फेब्रुवारी, गुरुवार

नऊ नमुने, तीन नापास. संध्याकाळी बाजाराला तीन फेऱ्या मारल्या. काही घेतलं नाही.

१४ फेब्रुवारी, रविवार

बारक्या आला होता. तिचा धाकटा भाऊ. छत्तीस वर्षांचा आहे, स्वतःची मुलगी शाळेत जाते, पण ती त्याला शेवटपर्यंत बारक्याच म्हणायची, त्यामुळे सगळेच म्हणतात. आधी आला होता तो अंत्यविधीला. तेव्हा लांब उभा होता. मला वाटलं होतं, माझ्यावर चिडला असेल.

दोन्ही तळव्यांना पट्ट्या आहेत. काय झालं विचारलं तर म्हणाला, होड्यांच्या दुरुस्तीचं काम करतो तिथे भाजलं. मी पाणी दिलं. पट्टीचा हात पेल्याभोवती नीट बसत नव्हता. स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ करून बसला. आम्ही दोघेही फारसे बोलणारे नाही. ती असताना आम्हा दोघांचं मिळून तीच बोलायची. "दोन दगड घेऊन संसार करते मी," असं म्हणायची, एक दगड माहेरचा, एक सासरचा.

निघताना त्याने विचारलं, तो रॉकेलचा डबा कुठे आहे? मी म्हणालो, पोलिसांनी नेला. उंबऱ्यापर्यंत गेला आणि परत फिरला.

"भावजी, डब्याला काही खूण होती?"

"कसली खूण? साधा पत्र्याचा डबा होता."

"आठवून सांगा."

"काही नव्हतं रे. कंपनीचं नाव नाही, काही नाही."

तो बराच वेळ चपलेत पाय घालत राहिला. मग म्हणाला, बरं, आणि गेला. दुःखात माणूस काहीही विचारतो. मीही परवा शेजारच्या काकूंना विचारलं, त्या दिवशी दूधवाला आला होता का? त्याचा काय संबंध, मलाच कळलं नाही.

१७ फेब्रुवारी, बुधवार

समितीची पहिली बैठक. जुन्या टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावर खोली दिली आहे. पंखा सुरू केला की कागद उडतात, बंद केला की फौजदारांना घाम फुटतो. अध्यक्षबाईंनी प्रत्येकाला कागदांवर ठेवायला एकेक दगड आणून दिला. स्वतःच्या बागेतले होते.

फौजदार तयारीने आले होते. भट्ट्या किती, पिंपं किती, धाडी किती, सगळं तोंडपाठ. बाईंनी विचारलं, जाळल्यावर परत किती दिवसांत उभ्या राहतात? ते म्हणाले, आठ-दहा दिवसांत. "मग तुम्ही भट्ट्या जाळता की त्यांना सुट्टी देता?" बाई म्हणाल्या. फौजदार हसले, पण त्यांना लागलं असावं. म्हणाले, मॅडम, चोराला चोर म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? आज गप्प बसलो तर उद्या पाइपलाइनच्या दर मैलाला भोक दिसेल. तेही खोटं नाही. जाळल्यावर सगळं तेल खाडीत जातं, पाण्यावर काळा थर येतो, हेही त्यांनीच सांगितलं, कोणी विचारलं नव्हतं.

मी प्रयोगशाळेतले आकडे ठेवले. आमची तपासणी सोपी असते. पितळी कपात रॉकेल घालून हळूहळू तापवायचं आणि वरून छोटी ज्योत आत दाखवत राहायचं. निळा भपका दिसला की तापमान लिहायचं. पस्तीस अंशांच्या आत भपका आला तर नापास. नापास नमुने कप थंडगार असतानाच पेटतात. डिसेंबरपर्यंत बाजारातल्या दहा नमुन्यांत एखादा नापास असायचा. १९ जानेवारीनंतर तिनात एक.

बाईंनी चष्मा काढला. "धाडीनंतर वाढलं?"

मी म्हणालो, हो.

"का?"

मी म्हणालो, सांगता येत नाही. आम्ही काय आहे ते मोजतो, का आहे ते मोजत नाही. त्या म्हणाल्या, मग सोमवारी जाऊन बघू या, का आहे ते.

परत येताना पुन्हा चेन पडली. नवी घ्यायला हवी.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

शेजारच्या काकू भात आणि आमटी घेऊन आल्या. रोज आणतात, आणि रोज भांडं परत मागताना ओशाळतात. आज भांडं हातात घेऊन उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, भाऊ, एक सांगायचं राहिलंय, पण सांगितलं तर तुम्ही म्हणाल काकू वाईट. मी म्हणालो, सांगा.

त्या दिवशी सकाळी ती आणि काकू कुंपणापाशी बोलत होत्या. धाडीमुळे दोन दिवस दुकानात रॉकेल नव्हतं. काकूंनी आमच्याकडे वाटीभर मागितलं. ती म्हणाली, थांबा, चहा झाला की देते. आमच्याकडे डबाभर आहे. "यांनी आणलंय लॅबमधून. म्हणजे तपासलेलंच असणार."

काकू म्हणाल्या, मी वाटी घेऊन कुंपणाशी उभी होते हो. आणि रडायला लागल्या. मला काय करावं कळेना. मी त्यांच्या हातातून भांडं घेतलं आणि विसळायला गेलो.

मी आणलं नव्हतं. पूर्वी दोन-तीनदा तपासणी झालेल्या नमुन्यांचं उरलेलं आणलं होतं, ते आठवून ती म्हणाली असेल. धाडीच्या मंगळवारी संध्याकाळी मी आलो तेव्हा डबा मागच्या अंगणात नळाजवळ होता. ती शिंपिणीकडे गेली होती. मला वाटलं, तिने आणून ठेवलाय, जड म्हणून आत नेला नसेल. वाटेत चेन पडल्याने माझे हात काळे होते. डब्याच्या कडीला एक चिंधी बांधलेली होती. गाठ घट्ट होती, दातांनी सोडवली. त्या चिंधीने मी हात पुसले, मग डबा उचलून स्वयंपाकघरात नेला. काळ्या हातांनी नेला असता तर भिंतीला डाग पडले म्हणून तिने ऐकवलं असतं. ती आल्यावर मी काही बोललो नाही, तिने काही विचारलं नाही. आमच्या घरात असंच असायचं. तिला वाटलं मी आणलं. मला वाटलं तिने आणलं.

गुरुवारी सकाळी तिने स्टोव्ह पेटवला तेव्हा मी बाहेर सायकलमध्ये हवा भरत होतो.

वास का आला नाही, असं पोलिसांनी विचारलं होतं. बावीस वर्षं रॉकेलमध्ये काम करून माझं नाक गेलंय. ती म्हणायची, हे एक बरं आहे, माझी भाजी करपली तरी तुम्हाला कळत नाही.

मग डबा आणला कोणी? तो कोण माणूस आहे ते मला शोधायचं आहे.

२२ फेब्रुवारी, सोमवार

खाडीवर गेलो होतो. सगळं क्रमाने लिहितो.

फौजदारांनी साधे कपडे घातले होते, तरी बूट पोलिसाचेच होते. वाटेतली मंडळी आधी बूट पाहायची आणि मग त्यांच्याकडे. समितीला भट्टी दाखवायला एक म्हातारी तयार झाली होती. तिला सगळे आत्या म्हणतात. त्या दिवशी कोणाला पकडायचं नाही, असा बाईंनी शब्द दिला होता. आत्याने पहिल्यांदा फौजदारांना पाट दिला. म्हणाली, बसा, गेल्या वेळी उभ्याउभ्याच गेलात, पाणी विचारायचं राहिलं.

दोन पिंपं, एक वाकडी नळी, एक खड्डा पाण्याचा. जमीन डांबरासारखी काळी, पाय उचलला की चपलेला ओढते. आत्याकडे तापमापक नाही. मी विचारलं, मग पातळ तेल संपून रॉकेल सुरू झालं हे कसं ओळखता? तिने नळीखाली बोट धरलं, अंगठ्याने चोळलं आणि फुंकर मारली. "बोट गार पडलं, म्हणजे अजून पहिली धार. तेलकट राहिलं की रॉकेल." माझं बोट धरून तिने मला करायला लावलं. बर्फासारखं गार लागलं आणि क्षणात कोरडं झालं. मी बावीस वर्षं हे काचेच्या नळ्यांनी मोजतो. आत्या म्हणाली, दारू गाळणारे पहिल्या धारेसाठी भांडतात, आमच्याकडे पहिल्या धारेपासून सगळे लांब पळतात. होडीवाले तेवढे इंजिनासाठी नेतात.

बाईंनी विचारलं, मग ती हल्ली रॉकेलमध्ये कशी येते?

"येणार नाही तर काय? आधी आम्ही पहिली धार संपेपर्यंत थांबायचो. दीड-दीड तास. आता कान रस्त्याकडे आणि हात नळीकडे. केव्हा तुमची गाडी येईल आणि पेटवून जाईल, म्हणून निघेल ते डब्यात भरा आणि पळा. जाळलंत त्यातली जुनी माणसं घरी बसली. नव्यांना बोट लावायचं पण माहीत नाही."

मी खाली मान घालून लिहून घेत होतो. माझ्या तीन ओळींबद्दल ती बोलत होती आणि तिला ते माहीत नव्हतं.

मग मी नेहमीचा प्रश्न विचारला. पहिल्या धारेचे डबे वेगळे कसे ओळखता? तिने भिंतीकडे हात केला. बारा-तेरा डबे होते. त्यातल्या तीन डब्यांच्या कडीला लाल चिंधी बांधलेली होती.

"लाल चिंधी म्हणजे चुलीला नाही. हा नियम आहे. भट्टीवर दोन माणसं सुरी काढून भांडली तरी चिंधीला कोणी हात लावत नाही."

बाईंनी विचारलं, आणि गिऱ्हाइकांना हे माहीत असतं? आत्या म्हणाली, गिऱ्हाइकाकडे लाल चिंधीचा डबा जातोच कशाला? तो भट्टीवरून होडीवर, होडीवरून भट्टीवर.

मग तिने आपण होऊन सांगितलं. धाडीच्या दिवशी सगळे मोकळ्या हातांनी पळाले. एकटा मागे फिरला. जाळाशेजारी पहिल्या धारेचा डबा होता, तो फुटला असता तर आत्याच्या झोपडीसकट पाच घरं गेली असती. त्याने तापलेल्या कडीला धरून डबा उचलला आणि घेऊन गेला. दोन्ही तळवे भाजले. त्याची बहीण खाडीपासून जवळच राहते. तिच्या अंगणात नळापाशी ठेवला म्हणाला. थंड जागा, आणि जवळपास जाळ नाही. दोन-तीन दिवसांनी पोलीस शांत झाले की उचलून आणणार होता.

"चांगला माणूस आहे," आत्या म्हणाली. "पण आता कामाला येत नाही."

फौजदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, माझं झालं, निघू या.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

नमुने चौदा. आधी बोटाला लावून चोळले, मग यंत्रावर तपासले. चौदापैकी बारा वेळा बोट बरोबर निघालं.

सायकल प्रयोगशाळेतच ठेवली. चालत आलो.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

समितीपुढे कोणीही येऊन बोलू शकतो. आज दुपारी बारक्या आला.

मला माहीत नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पट्ट्या निघाल्या आहेत, तळवे गुलाबी दिसतात. अध्यक्षबाईंनी बसायला सांगितलं, तो उभाच राहिला. म्हणाला, मी दोन वर्षं भट्टीवर काम करतो. होड्यांचं काम बंद पडलं तेव्हा लागलो. १९ तारखेला मी पहिल्या धारेचा डबा बहिणीच्या अंगणात ठेवला. पोलीस शोधत होते म्हणून फोन बंद ठेवला. मला वाटलं, चिंधी आहे तर काळजी नाही. पण गडबडीत मी चिंधी बांधलीच नसणार. भावजींनी सांगितलं, डब्याला काही खूण नव्हती.

"पाच आठवडे आठवतोय. हात आठवतात, कडी आठवते, भाजलं ते आठवतं. गाठ मारल्याचं आठवत नाही. बहीण माझ्या हातून गेली. तेवढं लिहून घ्या."

बाईंनी विचारलं, सदस्यांना काही विचारायचं आहे? फौजदारांनी भट्टीबद्दल एक-दोन प्रश्न विचारले. मग त्या माझ्याकडे वळल्या.

मी म्हणालो, नाही.

सोमवारी येऊन लेखी जबाबावर सही करायला त्याला सांगितलं आहे. फौजदार बाहेर आल्यावर मला म्हणाले, स्वतःहून मृत्यूची जबाबदारी घेतोय, सही केली की गुन्हा त्या कलमाखाली जाईल, मला पर्याय नाही. तुमचा नातेवाईक आहे, वाईट वाटतं. मी म्हणालो, हो.

घरी येईपर्यंत तीनदा वाट चुकलो. वीस वर्षं त्याच रस्त्याने येतो.

२७ फेब्रुवारी, शनिवार

काय लिहिणार? सकाळपासून घरात फिरतोय. भांडी एका फळीवरून काढून दुसऱ्या फळीवर ठेवली. काकू आल्या, त्यांना वाटलं मी सामान बांधतोय. कुठे निघालात, विचारलं.

कोणालाच माहीत नाही. अंगणात मी एकटा होतो. काकूंनी पाहिलं नाही, तिने पाहिलं नाही. चिंधी सायकलला आहे, ती काढून टाकली की झालं. मी काही खोटं बोललो नाही. त्याने खूण विचारली, मला खरंच आठवलं नाही. चिंधी ही खूण असते हे मला माहीत नव्हतं. आणि माहीत नसताना केलं त्याला काय म्हणायचं? त्यानेही माहीत नसतानाच ठेवला.

पण तो आता न केलेलं स्वतःवर घेतोय. आणि मी दोन दिवस ते घेऊ देतोय.

ती असती तर म्हणाली असती, दोघांपैकी कोणीतरी एकाने तोंड उघडा की.

२८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी प्रयोगशाळेत जाऊन सायकल घेतली आणि बारक्याच्या घरी गेलो. त्याची बायको दारात तांदूळ निवडत होती. म्हणाली, बरं झालं आलात, तुम्हीच सांगा त्यांना काही. धड जेवत नाहीत. मुलीला जवळ घेत नाहीत, हाताला वास येतो म्हणतात. महिना झाला भट्टीवर गेले नाहीत, कसला वास येणार? धक्क्यावर आहेत बघा.

धक्क्यावर एक होडी उलटी घातली होती, तिच्या सावलीला बसला होता. मी शेजारी बसलो. सांगायचं होतं ते सगळं वाटेत जुळवलं होतं, त्यातलं काही निघालं नाही. मी उठलो, सायकलच्या सीटखालची चिंधी काढली आणि त्याच्या हातात दिली.

त्याने ती उलटीपालटी केली. काळीकुट्ट झाली होती. मग दोन बोटांनी मध्यावरची घडी उलगडली. गाठीचा पीळ अजून तसाच होता आणि त्या पिळाच्या आत कापड लाल होतं.

"ही माझी गाठ आहे," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे बांधली होती."

"बांधली होती. मी सोडली. हात पुसायला."

मी सगळं सांगितलं. चेन पडली होती, डबा नळापाशी होता, दातांनी गाठ सोडवली, मीच आत नेऊन ठेवला. तिला वाटलं मी लॅबमधून आणला. सांगून झाल्यावर मला वाटलं तो मारेल. मारावं असं वाटत होतं.

"बांधली होती," तो पुन्हा म्हणाला, माझ्याशी नाही. त्याने तोंडावरून हात फिरवला. मग बराच वेळ दोन्ही हात तोंडावरच ठेवून बसला. खांदे हलत होते. मी होडीचा रंग गेलेला भाग नखाने खरवडत राहिलो.

नंतर म्हणाला, तुम्हाला माहीत नव्हतं, भावजी.

मी म्हणालो, तुला तरी कुठे माहीत होतं, मला माहीत नाही ते.

"आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा ओळखतं."

"आमच्याकडे साहेबसुद्धा ओळखत नाही."

तो हसल्यासारखा आवाज आला, पण पाहिलं तर हसत नव्हता. चिंधी खिशात घालून उठला. चार पावलं गेला, थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाला, आज मला तुमच्याकडे बघवत नाही. पुढच्या रविवारी येईन का, तेही माहीत नाही. मी म्हणालो, बरं.

१ मार्च, सोमवार

बैठक सुरू व्हायच्या आधी अध्यक्षबाईंना म्हणालो, मला सदस्य म्हणून नाही, साक्षीदार म्हणून बोलायचं आहे. त्या म्हणाल्या, मग पलीकडे बसा. टेबलाला वळसा घालून साक्षीदाराच्या खुर्चीवर बसलो. पंखा डोक्यावर आला. सांगितलं. मला वाटलं होतं तासभर लागेल, सात-आठ मिनिटांत झालं. फौजदारांनी मध्येच लिहिणं थांबवलं होतं.

बाईंनी एवढंच विचारलं. "बावीस वर्षं प्रयोगशाळेत आहात. त्या चिंधीचा अर्थ तुमच्या कुठल्याही पुस्तकात नव्हता?"

"नाही."

"आणि खाडीवर प्रत्येकाला माहीत होता."

"हो."

डिसेंबरच्या माझ्या टिपणीची प्रत त्यांच्यापुढे ठेवली. म्हणालो, धाडीनंतर नापास नमुने का वाढले, ते तुम्ही विचारलं होतं. हे त्याचं उत्तर आहे. तिथे थांबून तेल गाळायला वेळ उरला नाही. ज्या तारखेला मी सहा भट्ट्या जाळायला लावल्या त्याच तारखेचा डबा माझ्या घरात आला.

मग मत दिलं. भट्ट्या चालू द्या असं मी म्हणू शकत नाही. चोरी ती चोरी आणि नळीशेजारी जाळ तो जाळ. पण जागेवर पेटवून देणं बंद करा. ज्यांचा हात बसलेला आहे अशांना एका जागी, उघड्यावर, तापमापक आणि नमुना तपासणीसकट परवान्याने बसवा, तेल पाइपलाइनच्या कंपनीकडून मोजून द्या. आत्यासारख्या दोघी-चौघी तिथे शिकवायला ठेवा. आणि उद्यापासून, परवान्याची वाट न बघता, प्रत्येक दुकानात, शाळेत, दवाखान्यात लाल चिंधी बांधलेल्या डब्याचं चित्र लावा. पातळ तेलात लाल रंग घालता येतो का ते मी प्रयोगशाळेत बघतो. चिंधी सुटते. रंग सुटणार नाही.

फौजदारांना परवाना पटला नाही. म्हणाले, आज यांना दिला तर उद्या भोकं पाडणारे रांगेत येतील. बाई म्हणाल्या, रांगेत येत असतील तर निदान मोजता येतील. मग दोघांचं बराच वेळ चाललं. शेवटी फौजदार म्हणाले, चिंधीचं चित्र मी उद्याच चौकीवर लावतो, त्याला सरकार नको. बारक्यावर भट्टीत काम केल्याचा गुन्हा लागेलच, तो चुकणार नाही. मृत्यूचा लागणार नाही. जबाबातलं ते वाक्य खोडलं. सहीला तो आला होता. माझ्या खुर्चीमागून गेला, खांद्याला त्याचा हात लागला. मुद्दाम की गर्दीने, कळलं नाही. खोलीत चौघेच होतो.

बाई म्हणाल्या, तुमचं मत अहवालाला जोडते, पण शेवटची पानं वर कोणी वाचत नाही. तुमच्या डिसेंबरच्या तीन ओळी वाचल्या, कारण त्या तीनच होत्या.

रात्रीसाठी आमटी काकूंनी दिली. भांडं लगेच परत केलं, आणि त्यांना सांगितलं, त्या दिवशी तुम्ही वाटी घेऊन आत आला नाहीत ते बरं झालं. त्या पुन्हा रडल्या. या वेळी मी उभा राहिलो.

३ मार्च, बुधवार

प्रयोगशाळेत सोळा नमुने. पाच नापास. उरलेल्या वेळात पातळ तेलात रंग मिसळून पाहिला. एक रंग खाली बसला, एक टिकला. उद्या उन्हात ठेवून पाहायचा आहे.

संध्याकाळी दारापाशी आलो आणि चेन पडली. सायकल भिंतीला टेकवली, खाली बसून बसवली. मागचं चाक फिरवून पाहिलं, नीट फिरलं. हात सवयीने सीटखाली गेला. तिथे काही नव्हतं. थोडा वेळ तसाच बसून राहिलो, बोटं एकमेकांपासून लांब धरून. मग कोपराने दार ढकललं, आतून कालचं वर्तमानपत्र घेतलं, त्याचं एक पान फाडून हात पुसले.